कार्डामागचा पत्ता

"जाऊ नको, आये," मी म्हणाले. "इथंच थांब."

आई पळत नव्हती. बोरांचं गाठोडं काखोटीला मारून ती रसवंतीच्या मागच्या बाजूला सरकत होती, एखादी बाई आपली गाडी कुठं लागलीय ते बघत निघावी तशी. पण ती चाल मी लहानपणापासून बघत आले होते. खाकी कपडा दिसला की आमच्या वस्तीवरच्या सगळ्या बायका तशाच चालायच्या.

स्टँडच्या मधोमध एक बाई रडत होती. गाडीत चढताना तिच्या गळ्यातलं गंठण गेलं होतं. स्टँडवरच्या चौकीतून एक हवालदार आणि एक महिला शिपाई बाहेर आले होते. फलाटावरच्या बायकांना ते एकेक करून विचारत होते, नाव काय, गाव कुठलं, पिशवी उघड.

"मावशी, त्यात घाबरायचं काय?" उज्ज्वला म्हणाली. तिच्या हातात अजून उसाच्या रसाचा अर्धा ग्लास होता. "आपण तिघी अर्धा तास झाला इथंच बसलोय. सुलीकडं ओळखपत्र आहे. विचारलं तर दाखवायचं. संपलं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती परत येऊन बाकड्याच्या टोकाला टेकली, पण गाठोडं काही तिनं खाली ठेवलं नाही.

हे सगळं शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतलं. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा महिन्यावर आली होती, म्हणून आई वाघझरीहून मला भेटायला आली होती. हॉस्टेलवर यायची तिची तयारी नसायची. ती स्टँडवर उतरायची, मी तिथं जायचे, तासभर बसायचो आणि परतीच्या गाडीनं ती निघायची. या खेपेला उज्ज्वलाही माझ्याबरोबर आली होती. "मावशींची बोरं मला पाहिजेत," म्हणाली होती.

उज्ज्वला नरवडे माझ्या खोलीत राहायची. अडीच वर्षं आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. माझं आडनाव काळे. आमच्याकडं काळे सगळ्या जातींत सापडतात, त्यामुळं हॉस्टेलमध्ये मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षीच्या दिवाळीत सगळ्या मुली घरी गेल्या. उज्ज्वलाला ताप होता म्हणून ती मागं राहिली, आणि मी कधीच जायचे नाही म्हणून मीही. एका दुपारी तिनं विचारलं, "सुले, तू घरी का जात नाहीस गं?" मी सांगून टाकलं. आम्ही फासेपारधी. गावाबाहेर वस्ती. आश्रमशाळेतल्या बाईंनी मला शिकवलं, सुलोचना हे नावही त्यांनीच ठेवलं. उज्ज्वला म्हणाली, "बरं, मग?" आणि माझ्या ताटातली भाकरी मोडून घेतली. कुणाला सांगू नको, असं मीच तिला म्हणाले होते. तिनं आईची शपथ घेतली आणि ती पाळली. अडीच वर्षांत एका मुलीलाही त्यातलं काही कळलं नाही.

तिचे वडील शेजारच्या जिल्ह्यात हवालदार होते. त्यांना ती अण्णा म्हणायची. पोलिसांबद्दल काही निघालं की अण्णा काय म्हणतात ते ती सांगायची. "नाव लपवतो तो चोर. ज्याच्याकडं ओळखपत्र आहे आणि जो नीट उत्तर देतो त्याला कुणी हात लावत नाही."

आईचं शिकवणं बरोबर उलटं होतं. नाव विचारलं तर दुसरं सांगायचं, गाव विचारलं तर लांबचं सांगायचं, कागद असला तरी काढायचा नाही. माझ्या बापानं एकदा खरं नाव सांगितलं होतं. त्यानंतर आसपासच्या दहा गावांत कुठंही काही गेलं की जीप आमच्या पालापुढं येऊन उभी राहायची. शेवटी शेवटी तो जीपचा आवाज आला की स्वतःच चप्पल घालून बाहेर यायचा.

मला उज्ज्वलाचं म्हणणं पटायचं. पटावं अशी इच्छाही असेल. माझ्याकडं नर्सिंग स्कूलचं ओळखपत्र होतं, फोटो लावलेलं, शिक्का मारलेलं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. पुढच्या बाजूला नाव आणि वर्ष. मागच्या बाजूला कायमचा पत्ता. ऑफिसातल्या क्लार्कनं तो माझ्या जातीच्या दाखल्यावरून उतरवला होता, अक्षर न् अक्षर. मु. वाघझरी, फासेपारधी वस्ती. मी बदलून मागितला तेव्हा तो म्हणाला, "मागची बाजू कोण बघतंय?"

हवालदार आमच्या बाकड्याशी आला.

"नाव?" त्यानं आधी आईला विचारलं.

"गीता शिंदे," आई म्हणाली.

"गाव?"

"बार्शीकडं. पांगरी."

"इकडं कशाला आलीस?"

"भनीकडं आलते. बोरं घेऊन."

महिला शिपायानं गाठोडं सोडायला लावलं. बोरं होती. त्यांतली चार तिनं उचलून खिशात टाकली. हवालदार पुढं निघालाच होता. मग त्याला मी दिसले.

"तू गं? ही कोण तुझी?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कोन नाय, सायेब. पोरीनं बसाया जागा दिली."

हे सगळं तिनं अगदी सहज म्हटलं. मी तिथं गप्प बसले असते तर पाच मिनिटांत आई गाडीत असती, हे मला आज स्वच्छ दिसतं. पण त्या वेळी मला दुसरंच दिसत होतं. माझी आई माझ्यासमोर मला ओळखत नाही म्हणतेय, आणि माझ्या पर्समध्ये सरकारी शिक्क्याचं कार्ड आहे. मला वाटलं, आज तिला दाखवावं, कार्ड काढल्यावर काय होतं ते. हवालदार म्हणेल, "बरं, जा." आणि तिची ती सरकत जायची चाल कायमची सुटेल.

"साहेब, ही माझी आई आहे," मी म्हणाले आणि कार्ड त्याच्या हातात दिलं.

आईनं डोळे मिटून घेतले.

हवालदारानं पुढची बाजू वाचली. "सुलोचना काळे. नर्सिंग, तिसरं वर्ष." त्याचा आवाज जरा खाली आला. "सिस्टर होणार म्हणजे." मग त्यानं कार्ड उलटं केलं. तो वाचत होता तेवढा वेळ मी त्याचा अंगठा बघत होते. अंगठा दुसऱ्या ओळीवर थांबला.

"तू काळे," तो म्हणाला. "मग ही शिंदे कशी?"

मी आईकडं पाहिलं.

"आणि पांगरी कुठं, वाघझरी कुठं." त्यानं महिला शिपायाला हाक मारली. "मॅडम, घ्या दोघींना. सापडल्या."

"साहेब, आम्ही इथनं हललोच नाही," मी म्हणाले. "हिला विचारा. आमच्याबरोबर होती ही."

"हो, साहेब," उज्ज्वला म्हणाली. तेव्हा ती हो म्हणाली होती, हे मला पक्कं आठवतं.

पोलीस ठाणं स्टँडच्या समोरच होतं. आम्हाला रस्ता ओलांडून चालवत नेलं. रसवंतीवाला, पेपरवाला, फलाटावरची माणसं, सगळे बाजूला होऊन बघत होते. आईनं पदर तोंडावर ओढला. मी ओढला नाही. मला वाटत होतं, आपण काही केलेलं नाही तर तोंड का झाकायचं.

मागच्या खोलीत आमची झडती झाली. आईच्या कनवटीला तंबाखूची पुडी आणि वाघझरी फाट्याचं एसटीचं तिकीट निघालं, माझ्या पर्समध्ये शरीरशास्त्राची वही. गंठण कुठं निघणार. मग आम्हाला भिंतीशी फरशीवर बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. खोलीला कमरेएवढं दार होतं. त्याच्यावरून बाहेरचं टेबल दिसत होतं आणि टेबलाशी उज्ज्वला उभी होती.

तिनं आपल्या वडलांचं नाव सांगितलं आणि हवालदाराचा चेहराच बदलला.

"नरवडेसाहेबांची मुलगी तू? अगं, शिपाई असताना मी दोन वर्षं होतो त्यांच्या हाताखाली. बस, बस. उभी का?"

तिला खुर्ची मिळाली. मागून चहा आला. मला बरं वाटलं. मी खाली वाकून आईला आमच्या भाषेत म्हणाले, "आता सुटलो. तिचा बाप ह्यांच्यातलाच आहे."

"ही तुझ्याबरोबर कशी काय?" हवालदारानं विचारलं.

"एका खोलीत आहोत आम्ही, हॉस्टेलला. अडीच वर्षं झाली."

"पारधी आहे, हे ठाऊक होतं तुला?"

उज्ज्वलानं कप उचलला आणि परत बशीत ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तिनं सांगितलं नाही कधी?"

"काळे म्हणाली होती. आम्हाला वाटलं, आपल्यातलीच असेल."

"बघा," हवालदार महिला शिपायाला म्हणाला. "अडीच वर्षं एका खोलीत, आणि पत्ता नाही." मग पुन्हा तिच्याकडं वळून, जरा मायेनं, "गंठण गेलं तेव्हा या दोघी कुठं होत्या, पोरी? आठवून सांग."

ती आठवत बसली. खरंच, माणूस आठवताना बसतं तशी ती बसली होती.

"मी चौकशीच्या खिडकीवर गेले होते," ती म्हणाली. "गाडी किती वाजता आहे ते विचारायला. दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. आले तेव्हा या बाकड्यावर होत्या. मधलं मला माहीत नाही."

ती खिडकीवर गेली नव्हती. ती जागेवरून उठलीसुद्धा नव्हती. तिनं दोन ग्लास रस घेतला होता आणि अख्खा वेळ माझ्या आईला, बोरं वाळवून ठेवायची कशी, ते विचारत होती.

"एवढं लिहून दे फक्त. खाली सही."

तिनं लिहून दिलं. तिचं अक्षर सुरेख होतं. माझ्या केसशीट्स तीच उतरवून द्यायची, म्हणून ती कुठल्या अक्षराशी थांबते तेही मला ठाऊक होतं. लिहून झाल्यावर ती उठली आणि आमच्या दारावरून बाहेर गेली. ओढणी सावरली. इकडं पाहिलं नाही.

"बस खाली," आई म्हणाली.

मी बसले.

दुपारभर आम्ही तिथंच होतो. महिला शिपाई दोनदा आली आणि आईच्या तळहातांवर काठी मारून गेली. "नाव खोटं का सांगितलंस? बोल, का सांगितलंस?" दुसऱ्यांदा आई म्हणाली, "खरं सांगितलं असतं तरी हितंच असते, बाई." त्याबद्दल तिला आणखी एक बसली. मी मध्ये हात घातला, तेव्हा माझ्या मनगटावर बसली. मला त्यांनी मुद्दाम मारलं नाही. शिकलेली होते, उद्या कुठं अर्ज करीन अशी शंका असावी.

चारच्या सुमाराला त्या रडणाऱ्या बाईचा नवरा आला. गंठण सापडलं होतं. ती आदल्या दिवशी बहिणीकडं उतरली होती आणि सकाळी अंघोळीला जाताना तिनं ते काढून न्हाणीतल्या खुंटीला अडकवलं होतं. बहिणीनं निरोप धाडला होता. हवालदार त्याच्यावर थोडा ओरडला. मग आमच्याकडं वळून म्हणाला, "जा."

"माझं कार्ड, साहेब," मी म्हणाले.

"ते राहू दे. पत्ता तपासायचाय."

ते कार्ड मला जूनमध्ये मिळालं. तोवर मार्चची परीक्षा होऊन गेली होती. ठाण्यातून नर्सिंग स्कूलला पत्र गेलं होतं, "चौकशी सुरू आहे." आमच्या ट्यूटर देशमाने मॅडम वाईट नव्हत्या, पण चौकशी संपल्याचं पत्र आल्याशिवाय मला हॉल तिकीट द्यायला त्या तयार झाल्या नाहीत, आणि ते पत्र काही लवकर आलं नाही. मी ऑक्टोबरच्या परीक्षेला बसले. पुढं नोकरी लागली. आज मी एका सरकारी दवाखान्यात इन्चार्ज आहे. जबाब घ्यायला पोलीस वॉर्डात येतात. माझं नाव विचारतात. मी खरं सांगते.

त्या दिवशी आईला गाडीत बसवायला मी परत स्टँडवर गेले. बोरं ठाण्यातच राहिली होती. आईचे तळहात सुजले होते, खिडकीची दांडीही तिला धरता येत नव्हती.

"मी कार्ड दाखवायला नको होतं," मी म्हणाले.

"तुला तसं शिकवलं, तू तसं केलंस. मला जसं शिकवलं तसं मी केलं." तिनं सुजलेले हात मांडीवर ठेवले. "त्या पोरीला काही बोलू नको. तुला तिच्याच खोलीत निजायचंय."

मी तिचं ऐकलं नाही. हॉस्टेलवर पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. उज्ज्वला खाटेवर बसली होती. तिनं माझं ताट मेसमधून आणून झाकून ठेवलं होतं.

"सोडलं ना?" तिनं विचारलं. "मला वाटलंच, सोडतील. मावशी गेल्या?"

"तू काय लिहून दिलंस?"

"त्यांनी विचारलं तेवढंच."

"तुला दम दिला का कुणी?"

"नाही."

"मारीन म्हणाले?"

"नाही गं, सुले."

"मग?"

ती चादरीचं टोक दुमडत राहिली. "तो माणूस अण्णांना ओळखतो," ती म्हणाली. "त्यानं उद्या फोन केला असता. तुमची मुलगी पारध्यांच्या बाया घेऊन स्टँडवर बसली होती, असं सांगितलं असतं. अण्णांनी मला शिक्षण सोडवून घरी नेलं असतं. तुला नाही माहीत आमचं घर."

"मी तुला सांगितलं होतं, उज्ज्वला. पहिल्या दिवाळीत. याच खोलीत."

"हो," ती म्हणाली. "पण तू मला सांगितलंस, हे कुणाला माहीत नव्हतं ना."

हे ती वर बघून, सरळ म्हणाली. तिला त्यात काही वाईट वाटत होतं असं मला दिसलं नाही. समजावून सांगितल्यासारखं ती सांगत होती. मी तिची शपथ आठवली. ती शपथ माझ्यासाठी होती असं मी समजत होते.

ताट मी तसंच बाहेर ठेवलं.

सकाळी सात वाजता हॉलमध्ये प्रार्थना व्हायची. तिन्ही वर्षांच्या मिळून साठेक मुली, पांढऱ्या साड्या, समोर देशमाने मॅडम. बातमी तोवर पसरली होती. माझ्या पुढच्या आणि मागच्या मुलीनं आपापली जागा हातभर लांब केली होती. प्रार्थना संपली आणि मॅडम हजेरीला लागल्या. माझा नंबर आला. मी "हजर" म्हणायच्या ऐवजी रांगेतून बाहेर आले.

"मॅडम, मला बोलायचंय," मी म्हणाले. "मी फासेपारधी आहे. वाघझरीची. काल स्टँडवर जिला पकडलं ती माझी आई. आम्ही काही चोरलेलं नाही. गंठण त्या बाईच्या बहिणीच्या घरी सापडलंय. मी माझी जात लपवली, असं सगळ्या म्हणतायत. उज्ज्वलापासून लपवलेली नाही. तिला पहिल्या वर्षापासून माहीत आहे."

सगळ्यांच्या माना उज्ज्वलाकडं वळल्या. ती दुसऱ्या रांगेत होती.

मला काय पाहिजे होतं? तिनं माफी मागावी असं नव्हतं. तिनं फक्त हो म्हणायला हवं होतं. एवढ्या मुलींसमोर एक शब्द. काल ठाण्यात ती घाबरली असेल, असं मी रात्रभर स्वतःला सांगत आले होते.

"नरवडे," मॅडम म्हणाल्या, "हे खरं आहे?"

उज्ज्वलानं माझ्याकडं पाहिलं. ठाण्यात पाहिलं नव्हतं, आता नीट पाहिलं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "मला कालच कळलं."

हॉलमध्ये एकही पोलीस नव्हता. तिथं आम्ही मुली होतो आणि मॅडम होत्या.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "काळे, जागेवर जा." आणि त्यांनी पुढचा नंबर घेतला.

त्या आठवड्यात आमची दोघींची ड्यूटी फीमेल मेडिकल वॉर्डात होती. अकरा नंबरच्या खाटेवर अर्धांगाची एक म्हातारी होती, तिची कूस दर दोन तासांनी बदलावी लागायची आणि ते एकटीचं काम नव्हतं. मी खाटेच्या एका बाजूला उभी राहिले. उज्ज्वला आली आणि दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तिनं चादरीची दोन टोकं धरली, मी दोन धरली. म्हातारी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

"एक, दोन, तीन," उज्ज्वला म्हणाली, आणि आम्ही तिला उचललं.